अक्का, तुमचा हौद धुऊन काढला

अक्का, तुमची शोकसभा चांगली झाली. तुम्ही जिवंत असताना नाकाला रुमाल लावल्याशिवाय ज्यांनी तुमच्याशी एक वाक्य बोललं नाही, ते सगळे पहिल्या रांगेत बसले होते. रुमाल त्या दिवशीही होते. फक्त डोळ्यांना लावले होते.

तुमच्या कॉलेजचे प्राचार्य बोलले. त्यांचा आवाज कुठं भरून येणार ती जागा ठरलेली असते, तिथं तो बरोबर भरून आला. "बाईंचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला, पण त्यांच्या ज्ञानाची ज्योत" असं काहीतरी म्हणाले. अग्नी कुठला न काय! आम्ही तुम्हाला अक्कलकोटला तुमच्या मळ्यात मातीत बसवून आलो होतो, तुमच्या घरच्या रीतीनं, भस्म लावून, बेल वाहून. इतकी वर्षं आपल्या हाताखाली शिकवणाऱ्या बाईच्या घरी माणसाला जाळतात की पुरतात हेही ज्याला ठाऊक नाही, तो तुमच्या आत्म्याची खात्री देत होता. तुमचे चिखलाचे डबे 'प्रयोगशाळेची शोभा जाते' म्हणून संडासाच्या बोळात ठेवायला लावले ते यांनीच. मी त्यांचं ऐकणं सोडून दिलं आणि मातीचाच विचार करत बसले. मातीतल्या जीवांची आणि तुमची जुनी ओळख. तिथं तुम्हाला परकं वाटणार नाही.

मग एक नगरसेवक उठले. तुम्हाला त्यांनी कधी पाहिलं होतं की नाही देव जाणे. म्हणाले, "बाईंनी मीठ खाणारे किडे शोधून काढले! सोलापूरच्या मातेनं जगाला किडे दिले!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मीठ कुणी खात नाही हो, मी मनात म्हटलं. तुम्ही हे किती वेळा सांगायचात. सूत रंगवताना रंग धरावा म्हणून पाण्यात पोत्यानं मीठ टाकतात. रंग चढला की ते खारट, रंगीत, खळीचं पाणी सोडतात नाल्यात. त्या पाण्यात राहू शकतील असे डोळ्यांना न दिसणारे जीव तुम्ही हौदात जमवलेत. ते मिठात राहून घाण खातात, रंग फोडतात, खळ संपवतात. मीठ जिथल्या तिथं राहतं. ते स्वच्छ झालेलं खारं पाणी मग उथळ वाफ्यांत पसरायचं, सोलापूरचं ऊन काही मागत नाही, पाणी उडून जातं आणि मीठ परत हातात येतं, पुन्हा रंगाच्या पिंपात टाकायला. एवढं साधं. पाचवीत शाळा सोडलेल्या मला समजलं. माईक हातात धरलेल्या माणसाला समजलं नाही, कारण समजून घ्यायला त्याला हौदापर्यंत यावं लागलं असतं.

शेवटी आमचे मालक उठले. चादरी-टॉवेलचं सूत रंगवायचा ज्यांचा कारखाना, ज्यांच्या आवारात तुमचा हौद आणि तो सांभाळायला माझी खोली, ते. पांढरे कपडे, हातात तुमच्या फोटोसाठी हार. म्हणाले, "बाईंचं स्मारक मी करणार. ज्या हौदावर बाई राबल्या, त्या हौदाला बाईंचं नाव. आतून बाहेरून स्वच्छ धुऊन घेणार, पांढऱ्या टाइल्स बसवणार, मधोमध कारंजं. शेजारी बाईंचा फोटो. गावानं येऊन बघावं."

सगळा हॉल हळहळून वाहवा म्हणाला.

चहाच्या वेळी मी मालकांच्या जवळ गेले. तुम्हाला ठाऊक आहे, मला मालकांशी बोलताना घाम फुटतो. पदर दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

"मालक, हौद धुवायचा म्हणजे आतलं कुठं टाकायचं?"

"नाल्यात. आणि कुठं?"

"ते जिवंत आहे, मालक. रोज खायला घालावं लागतं त्याला."

"अगं इंदू," ते हसून म्हणाले, बाजूच्या दोघांना ऐकू जाईल असं. "बाईंच्या नावाच्या पाटीखाली ती घाण ठेवायची? बरं दिसतंय का? बाई काय घाण होत्या का?"

बाजूचे दोघे माझ्याकडं असे बघू लागले की जशी मीच तुम्हाला घाण म्हणाले. मालक पुढं म्हणाले, "तू घाबरू नको. तुझी खोली तुझ्याकडंच राहील. सकाळी हौद पुसायचा, फोटोला हार घालायचा, संध्याकाळी दिवा. बस. बाईंची सेवा. आता घाण ढवळायला नको."

अक्का, खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. खोलीचं ऐकून. तुम्ही गेल्यापासून मला तीच धास्ती होती. वेंगुर्ल्याच्या खालच्या खाडीवरून इथं आलेली मी, इथं माझं कोण आहे? भावाकडं परत जायचं तर भावजय दारातच विचारणार, किती दिवस राहणार. खोली राहते म्हटल्यावर माझा जीव हौदाआधी खोलीकडं धावला. मालकांना हे बरोबर ठाऊक असतं, कुणाला काय दाखवलं की कोण गप्प बसतं ते.

कॉलेजातून शिपाई आला होता, तुमच्या स्मरणिकेसाठी "कामगार भगिनीच्या चार ओळी" हव्यात म्हणून. शक्यतो शुद्ध लिहा, असंही सांगून गेला. म्हणून हे लिहायला बसले. चार ओळी कधीच संपल्या. छापायचं तर छापतील. नाही छापलं तर तुम्ही वाचाल, असं धरून चालते.

तुम्ही पहिल्यांदा दिसलात ती नाल्यावर. दोरीला बाटली बांधून लाल पाणी ओढत होतात. मी सुताच्या कांड्या भरायच्या कामावरून सुटले होते. नवरा मुंबईला जाऊन परत यायचं विसरला होता आणि आवारातली प्रत्येक बाई मला एकच प्रश्न विचारायची, "पत्र आलं का गं?" मी तुम्हाला ओरडून सांगितलं, "ओ बाई, पिऊ नका ते!"

"पिणार न्हाय गं, बघणार हाय," तुम्ही म्हणालात. मग माझं बोलणं ऐकून, "हितली न्हाईस तू. कुठली गं?"

मी सांगितलं. मिठागरावरची.

तुम्ही बाटली खाली ठेवलीत. "मिठागरात पाणी किती बोटं ठेवतात?"

अक्का, त्या एका प्रश्नाचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी तुम्हाला कधी बोलले नाही. पत्र आलं का याच्याखेरीज इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पण त्या उत्तराचा उपयोग काही झाला नाही, ते वेगळं. मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडं चिखल पायानं तुडवून वाफे करतात, तसे करू. तुडवले. सोलापूरची काळी माती ती, पंधरवड्याच्या आत अशी तडकली की वाफ्यात पाय अडकावा. पाणी गेलं पाताळात. आवारातली पोरं म्हणायची, "कोकणची बाई मीठ पेरतीया, उगवलं का बघा रं!" मी खोलीत रडत बसले. तुम्ही दुसऱ्या दिवशी बैलगाडीत फुटक्या शहाबादी फरशा भरून घेऊन आलात. कुणाच्या तरी पडक्या घरातल्या. म्हणालात, "काय करलालीस आत? ऊठ की. माती तुज्या गावची न्हाय, म्हणून ती ऐकंना. फरशी सगळ्यांचं ऐकती."

आणि भावाकडून खाडीचा चिखल मागवायला लावलात. पत्र्याच्या डब्यात, एस. टी.नं. कंडक्टरनं तो डबा टपावर टाकला होता आणि तरी आख्ख्या गाडीनं शिव्या दिल्या होत्या. खाडीचा चिखल आणि आमच्याच नाल्याच्या तळाचा काळा गाळ तुम्ही एकत्र केलात. सुरुवातीला शेण, गुळाचं पाणी. मग रंगाचं पाणी थोडं, मग थोडं जास्त, मीठही तसंच हळूहळू वाढवत. एकदम नाही. "नवीन सुनेला पहिल्याच दिवशी लाल तिखट वाढलं तर ती पळून जाती," तुम्ही म्हणायचात. तुमचं लग्न झालं नव्हतं आणि उदाहरणं सगळी सुनांची.

एकदा सूक्ष्मदर्शकातून दाखवलंत. मी म्हटलं, मला काय कळणार, मी शिकलेली नाही. "डोळा हाय का न्हाय तुला? मग बघ की." पाहिलं. काही टिपके वळवळत होते. मला अगदी काही कळलं नाही, अक्का, आज कबूल करायला हरकत नाही. पण तुम्ही शेजारी श्वास रोखून उभ्या होतात, म्हणून मी "अगो बाय माझे" म्हटलं, आणि तुम्ही इतक्या खूश झालात.

या हौदाला लोक काय काय म्हणाले ते शोकसभेत कुणी बोललं नाही. 'अक्काचं गटार' म्हणायचे. रंगारी मल्लय्या तर रोज सकाळी पिंपाशी उभं राहून नावं ठेवायचे. वाफ्यातलं पहिलं मीठ तुम्ही त्यांच्यापुढं नेलंत तेव्हाचं मला आठवतंय. करडं, ओलसर मीठ.

"ह्ये कुटलं मीठ म्हणायचं, अक्का? माज्या पिंपात टाकू ह्ये? रंग रुसतंय की!"

"रुसला तर मी समजूत काढते. टाक तर."

एकाच सुताच्या दोन लडी, एक बाजारच्या मिठात, एक तुमच्या मिठात, किरमिजी रंग. उन्हात शेजारी शेजारी वाळत घातल्या. मल्लय्या तीनतीनदा जवळ जाऊन, लांब जाऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "फिक्या रंगाला चालणार न्हाई, आदीच सांगून ठेवतो." ते खरंच निघालं, फिक्याला नाहीच चाललं, गुलाबी मळकट दिसायचा. तुम्ही ते मान्य केलंत. गडद रंगाला मात्र ते मीठ चाललं, आणि नाल्याखालच्या वस्तीतल्या बायका, ज्यांची विहीर दुष्काळाच्या सालापासून खारट झाली होती, त्या आवाराच्या फाटकाशी शिव्या द्यायला यायच्या थांबल्या. मालकांना तेवढंच हवं होतं. फाटकाशी शांतता. हौद म्हणजे त्यांच्या लेखी फाटकाला लावलेलं कुलूप होतं.

आता आपलं भांडण.

खंडेनवमीचं. तुम्ही गेलात, भांडण राहिलं. म्हणून तुमची बाजू मीच मांडते, तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर घ्या.

खंडेनवमीला सगळ्या कारखान्यात हत्यारं धुतात, मागांना तेल, पिंपांना हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. त्या वर्षी कामगारांनी ठरवलं की अक्काचा हौदसुद्धा हत्यारच आहे, त्याचीही पूजा करायची. तुमच्यावरच्या मायेनं. तुम्ही आदल्या दिवशी आईकडं अक्कलकोटला, मी वस्तीवर विहिरीचं पाणी तपासायला आणायला. परत येऊन बघते तर हौद रिकामा करून, ब्लीचिंग पावडरनं घासून, सोड्यानं धुऊन, वरून चुना लावून लख्ख करून ठेवलेला. कडेनं रांगोळी. चारी कोपऱ्यांना झेंडू. पूजा करायची म्हणून त्यांनी देवाला मारून टाकलं होतं.

तुम्ही पेढे घेऊन आलात. मल्लय्या पुढं झाले, अंगावर चुन्याचे शिंतोडे. "बघा की अक्का, आरशासारकं केलंय! लई घाण साटली होती हो!"

मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता तुम्ही हातातले पेढे फेकून माराल. तुम्ही नारळ हातात घेतलात. फोडलात. "छान केलंत रे," म्हणालात. सगळ्यांना पेढे दिलेत. मलाही दिलात, आणि मी तो तोंडात घालून थुंकला.

मग वाफ्यांच्या पलीकडं आपलं जुंपलं.

"का बोलल्या नाहीत तुम्ही? मुस्कटात मारायची होती एकेकाच्या!"

"इंदू, त्यांनी आज पहिल्यांदा माज्या हौदाला हत्यार मानलं. आज रागवू?"

"आज नाही तर कधी? तुम्ही गोड बोललात, पुढच्या वर्षी पुन्हा धुतील!"

"पुढच्या वर्षी सांगू."

"तुमचा हा गोडवा एक दिवस आपल्याला नाल्यात घालणार."

"नाल्यात तर जाऊच आता. चल, घमेलं घे."

आणि तुम्ही साडी खोचून नाल्यात उतरलात. जिथं त्यांनी हौद उपसून ओतला होता तिथं काठाच्या दगडाआड काळा गाळ साचून राहिला होता. ब्लीचिंग पावडरचं पाणी पुढं वाहून गेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. शेण, गूळ, थोडं मीठ. महिनोन् महिने.

तुमचं म्हणणं असं की रागावलं की माणूस हौदापासून लांब जातो, आणि हौद तर त्याच माणसांच्या आवारात आहे. मालकांनाही तुम्ही असंच वागवलंत. पाहुणे आले की मालक म्हणायचे, "मी ठरवलं, सांडपाण्याचं काहीतरी केलं पाहिजे," आणि तुम्ही मागं उभ्या राहून मान हलवायचात. मी नंतर फणफणले की म्हणायचात, "नाव त्यांचं होऊ दे, काम आपलं होऊ दे." अक्का, हे वाक्य मला कधीच पटलं नाही. आता त्याचं फळ बघा. नाव तुमचं झालंय आणि काम गेलंय. उलटं केलं त्यांनी, अगदी बेमालूम. मल्लय्यांनी हौद धुतला तो अडाणीपणानं, त्यांना मी माफ केलंय. नंतर तेच पोरांना हौदापाशी थुंकूसुद्धा देत नव्हते. पण मालकांना सगळं ठाऊक आहे. हौद चालवायचा म्हणजे रोज कुणीतरी बघायला हवं, रंग उतरेपर्यंत पाणी अडवून ठेवायला हवं, घाईच्या ऑर्डरीला थांबवायला हवं. तुम्ही होतात तोवर थांबावं लागत होतं. तुम्ही गेल्यावर हौद बंद केला असता तर वस्तीनं विचारलं असतं. स्मारक केलं तर कोण विचारतो? कारंज्याला कोण शिव्या देतो? खारं पाणी आता मागच्या भिंतीखालून नाल्यात जाईल, आणि पुढं तुमचा फोटो. तुमच्याच फोटोचं झाकण तुमच्याच कामावर. एवढी हुशारी देवानं त्या माणसाला दिली, आणि वापरली त्यानं ती कुठं.

दोन दिवस मी खोलीत बसून राहिले. बाहेर टाइल्सचे खोके येऊन पडले. माझी हिंमत काही वाढली नाही, अक्का, उगाच तुम्हाला खोटं सांगत नाही. तिसऱ्या दिवशी मल्लय्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टाइल्सच्या खोक्यांकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या वयनीचं रंगाचं बारकं डाइंग हाय, गल्लीत. मागं एक जुना रांजणाएवडा हौद हाय. वापरात न्हाई."

"मग?"

"मग काय. त्ये जगतंय का न्यायचं म्हटल्यावर?"

"ठाऊक नाही. मरेलसुद्धा. आणि मालक काय म्हणतील?"

"मालक म्हणले न्हवं, नाल्यात टाका? टाकायलाच चाललोय की."

हातगाडीवर रंगाची रिकामी पिंपं घेतली, गाळ भरला, वर ओली पोती. फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं, "काय न्हेतीस गं?" मी म्हटलं, "मालकांनी टाकायला सांगितलेली घाण." त्यानं नाक दाबलं. "न्हे बाई, लवकर न्हे." हयात गेली असती तरी कुणी पोतं उचलून बघितलं नसतं. तांब्याची तार चोरली असती तर झडती झाली असती. तुमच्या सगळ्या आयुष्याचं काम आम्ही दिवसाढवळ्या फाटकातून बाहेर काढलं आणि त्यांनी आम्हाला घाई करायला लावली.

खोलीची किल्ली द्यायला गेले तर मालक चकित झाले. "फुकटची खोली सोडतेस? हाराचं काम सांगितलं ना तुला? बाईंबद्दल काही वाटतं की नाही?"

मी मान हलवली. तुमच्यासारखी. मला वाटलं आता मीही "बरं" म्हणणार. मग माझ्या तोंडून निघालं, "वाटतं मालक. म्हणूनच फोटो पुसायला जमणार नाही." जिना उतरताना पाय घसरला, कठड्याला धरून उतरले. पण बोलले.

आता मी नरसम्माच्या डाइंगमागं सुताच्या खोलीत राहते. नरसम्मा म्हणजे मल्लय्यांची भावजय. कडक बाई आहे. मला जागा दिली, पण रोज बजावते, "वास आला तर बगा हां, शेजारचे भांडतेत." वास यायलाच हवा, हे तिला कसं सांगू? वास नाही म्हणजे झाकणाखाली काही चाललेलं नाही. गूळ घालते, खळीचं पाणी घालते, रंगाचं पाणी वाटीवाटीनं. रोज सकाळी पळी बुडवून बघते. लाल ते लालच. तुमच्या हौदावर जशी साय धरायची तशी नाही. वाटेतच मेले असतील का? ओल्या पोत्याखाली गरम झालं असेल का? तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, थांब की जरा. तुम्हाला काय, तुम्हाला थांबता यायचं.

काल मालकांचा माणूस आला होता. कारंजं सुरू व्हायचंय. पाहुणे येणार आहेत, प्राचार्य बोलणार आहेत, तेव्हा बाईंच्या हाताखालची कामगार भगिनी म्हणून फोटोला पहिला हार मी घालायचा. जीप पाठवतो म्हणाले. नवं लुगडंसुद्धा देतायत.

तुम्ही असतात तर गेल्या असतात. हार घातला असतात, पेढा खाल्ला असतात, "छान केलंत" म्हणाल्या असतात. आणि कदाचित, कुणी सांगावं, त्याच समारंभात गोड बोलून एखाद्या पाहुण्याकडून दुसरा हौद मिळवला असतात. ते तुम्हाला जमायचं. मी जाणार नाही. मला ते गोड तोंड नाही, आणि त्यांच्यासाठी ते आणायची इच्छाही नाही. मी त्या माणसाला सांगितलं, हार कुणाच्याही हातून घाला, फोटोला कळत नाही. तो म्हणाला, "लई माज आला तुला." असेल. तुम्ही होतात तोवर मला भीतीच एवढी होती की माजाला जागा नव्हती. भीती आहेच अजून. महिन्याभरानं कुठं असेन ठाऊक नाही.

एवढं लिहिलं आणि आज दुपारी सूत वाळत घालत होते. परसातून नरसम्माचा आवाज आला. तोंडावर पदर दाबून बोलत होती, नीट कळेना. मी ओलं सूत तसंच टाकून धावले. ती हौदाच्या झाकणापासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी.

"इंदू! काय मेलंय गं त्यात?"

मी झाकण थोडं सरकवलं. तो वास भसकन् अंगावर आला. कुजट, आंबूस, नासक्या अंड्यांचा. आत पाणी अजून लालच होतं, पण कडेनं, बोटभर रुंदीची, फिकी पिवळट वाट पडली होती.

"मेलं नाही, नरसम्मा," मी म्हटलं. "जगलंय."

ती मला वेडी ठरवून आत गेली. मी तिथंच बसले, अक्का, पदर बाजूला करून, छाती भरभरून तो वास घेत.